तीनशे बारा लेप

त्या वाक्यात चूक काहीच नव्हती. एका परदेशी नियतकालिकाने मत मागवायला पाठवलेला शोधनिबंध होता, कोकण किनाऱ्यावर तळाशी राहणाऱ्या माशांबद्दलचा, आणि त्याच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की या माशांच्या पोटात प्लास्टिक सापडल्याची या किनाऱ्यावरून याआधी कुठलीही नोंद आढळत नाही. इंग्रजीतलं कोरडं, सरळ वाक्य. असल्या निबंधांत ते असतंच; आपलं काम पहिलं आहे हे सांगायची प्रत्येकाला घाई असते. सरलाने ते वाचलं आणि तिला दाताखाली वाळू आल्यासारखं वाटलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. २०१६चा मार्च होता, लखनौच्या जलजीव अध्ययन केंद्राच्या आवारात कडुलिंबाची पानं गळत होती; माळी ती एका जागी लोटत होता आणि वारा ती पुन्हा पसरवत होता. डब्यात पोळी आणि दुधीची भाजी होती, वाळू कुठून येणार. तरी तिने जीभ दातांवरून फिरवली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. लिहिणारी माणसं प्रामाणिक होती. त्यांनी शोधलं असणार आणि त्यांना सापडलं नसणार, कारण ती नोंद कधी छापलीच गेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ती याच इमारतीत, या खोलीपासून चार दारं सोडून, एका वहीत झाली होती; आणि ती छापू न देणारी बाई आता या वाक्यावर मत द्यायला बसली होती.

लेप नीट साफ केला नाही की वाळू लागते, हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर, होड्या लागल्यावर, आई मासे निवडायला बसायची आणि सरला तिच्या शेजारी. लेप म्हणजे जिभेच्या आकाराचा चपटा मासा. आयुष्यभर समुद्राच्या तळाशी, वाळूत अंग पुरून, एका कुशीवर पडून असतो. पिल्लू असताना त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि दोन्ही वरच बघू लागतात. खाली काय आहे ते त्याला फक्त तोंडाने कळतं. आई डोक्याशी चीर देऊन कातडी एका ओढीत सोलायची आणि मासा सरलाकडे टाकायची. सरला बोट घालून आतडी ओढायची आणि तिला न बघता सांगता यायचं की आत वाळू आहे, किडे आहेत की शिंपल्यांचा चुरा. पुढे मुंबईला एम.एस्सी. झाली, पीएच.डी. झाली, लग्नानंतर सदाशिवच्या रेल्वेतल्या नोकरीपायी लखनौला आली, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, इथल्या केंद्रात लागली. पण आपलं सगळं शिक्षण त्या बोटातच आहे असं तिला कायम वाटत आलं. केंद्रात बाकी सगळे नदीचे लोक. रोहू, कतला, गोमतीतलं आणि घाघरेतलं काय काय. समुद्राचा प्रश्न आला की तिच्या दारावर टकटक व्हायची. पाचशे मैलांत समुद्र नाही अशा या शहरात समुद्र म्हणजे सरला मॅडम, ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे. तिच्यावर जगत मात्र असे.

म्हणून तर तो प्रकल्प तिला मिळाला होता. तळाचे मासे काय खातात, एवढाच साधा विषय. वर्षात चार वेळा तिने स्वतः मालवणला जायचं, ट्रॉलरवर चढायचं, जाळ्यातून निघालेले लेप धातूच्या पेटीत घालून आणायचे, असं तिनेच आराखड्यात लिहिलं होतं. पहिल्या खेपेला निघायच्या आठवड्यात मुक्ताला कावीळ झाली. मुलगी दहावीत, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि सदाशिव दौऱ्यावर. सरलाने धाकट्या भावाला, गोपीनाथला, फोन केला. त्याचा स्वतःचा ट्रॉलर होता. त्याने मासे बर्फात, पॉलिथिनच्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यात भरून मुंबईला पाठवले आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने ते पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला आले. इतकं सोपं होतं ते. पुढच्या तिन्ही खेपा तशाच आल्या. अहवालात मात्र तिने लिहिलं की सर्व नमुने शास्त्रज्ञाने स्वतः गोळा केले. लिहिताना तिला ते खोटं वाटलं नाही. गोपीनाथची बोट म्हणजे आपलंच घर, त्याचा हात म्हणजे आपलाच हात, असं काहीसं मनात होतं. आता, त्या वाक्यासमोर बसून, तिला ते मन दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं दिसत होतं.

विभा अवस्थी त्या प्रकल्पावर सहायक म्हणून आली तेव्हा पंचविशीची होती. आलमबागेत राहणारी, घरी मासा शिजत नाही, समुद्र कधी पाहिलेला नाही. मुलाखतीत सरलाने विचारलं होतं, समंदर देखा है? मुलगी जराही न ओशाळता म्हणाली की नाही, पण बरणीतला लेप पाहिलाय, आणि त्याचा कुठला डोळा सरकून आलेला असतो ते मला सांगता येईल. सरलाने हा किस्सा पुढे कितीतरी दिवस चहाच्या वेळी रंगवून सांगितला होता. पण मुलगी कामाला विलक्षण होती, विलक्षण संथ. दुसरं कुणी दिवसाला वीस पोटं उघडून संपवेल तिथे ही सहा करायची. एकेक पोट पांढऱ्या बशीत, दोन सुयांनी, केस सोडवावेत तसं सोडवत बसायची. तिची मान वाकलेली, ओढणी मागे गाठ मारून बांधलेली, खिडकीतून येणारं डिसेंबरचं पातळ ऊन तिच्या बशीवर. एका सकाळी ती बशी घेऊन सरलाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मैम, यह कीड़ा नहीं है।"

मायक्रोस्कोपखाली निळसर हिरवा धागा होता. किड्याला असतात तसे वेढे त्याला नव्हते आणि दोन्ही टोकं सरळ कापलेली होती. विभाने सुई दिव्यावर तापवून त्याच्याजवळ नेली तसा तो प्लास्टिकसारखा आक्रसून गोळा झाला. ही युक्ती तिने स्वतःच शोधून काढली होती. त्यानंतर तिला ते दिसतच राहिलं. जाळ्याचे धागे, पिशवीचे पारदर्शक पापुद्रे, एका तुकड्यावर छापलेलं अर्धं तांबडं अक्षर, बहुधा कुठल्या गुटख्याच्या पुडीवरचं. एकेका माशातले तुकडे तिने बोटाच्या पेराएवढ्या एकेका काचेच्या कुपीत घातले आणि कुपीवर माशाचा क्रमांक लिहिला. थंडी संपेतो तिने तीनशे बारा लेप उघडले होते आणि त्यांतल्या एकेचाळीसांच्या पोटात प्लास्टिक होतं. मग ती तक्ता घेऊन आली. यावर माझ्या पीएच.डी.चं मुख्य प्रकरण होईल का, असं तिने विचारलं. सरला म्हणाली, बघू. आणि आपण नुसतं बघू का म्हणालो, याचा तिने तेव्हा शोध घेतला नाही. वीस वर्षांत तिने हजारो पोटं उघडली होती. तसे धागे तिलाही दिसले होते. सुईच्या टोकाने तिने ते बाजूला सारले होते, भाजी निवडताना काडी सारावी तसे, आणि रकान्यात लिहिलं होतं, इतर पदार्थ. बोटाने न बघता सांगणारी ती. आणि जिने समुद्र पाहिला नव्हता तिने येऊन तिला तिच्या दांडीवरच्या, तिच्या आईच्या हातातल्या माशाच्या पोटात काय आहे ते दाखवलं होतं.

त्याच आठवड्यात तिने गोपीनाथला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. "आक्का, तां आमच्याच जाळ्याचां सूत आसतला. जाळां शिवताना तुकडे पाण्यातच जातत." मग तो म्हणाला, "पण ह्यां खंय लिवू नको गो. लेप कोण घेतलो मगे?" त्याने धमकी दिली नव्हती, गळही घातली नव्हती. आई तेव्हा त्याच्याकडेच असायची, त्याच बोटीवर ते घर चाललं होतं. सरलाने त्याला तोंडाने काही कबूल केलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिला आठवलं की असा निष्कर्ष बाहेर आला तर पहिला प्रश्न येणार तो नमुन्यांचा: कुणी गोळा केले, कशात भरले. मग पिशव्या, थर्माकोल आणि पुष्पक एक्स्प्रेस, सगळंच बाहेर येणार.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती एकटीच केंद्रात गेली. सदाशिवला सांगितलं, थोडं काम राहिलंय. अंगावरचा कृत्रिम धागा गळू नये म्हणून सुती साडी नेसली होती. टेबल ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, स्टीलची ताटली उकळत्या पाण्यातून काढली, पाणी गाळून घेतलं. फ्रीझरमधले शेवटचे बारा लेप होते. त्यांची पोटं बाहेरून अखंड आहेत हे एकेकाचं नीट पाहून मग तिने चाकू लावला. दुपारभर कुणी आलं नाही. आवारात मोर ओरडत होता. बारांतल्या तिघांत तिला ते मिळालं. तिसऱ्यातला धागा तर जठरात नव्हताच; तो आतड्यात खोल उतरलेला होता आणि अर्धवट पचलेल्या एका किड्याभोवती गुंडाळला गेला होता. मेलेल्या माशाच्या तोंडातून, खोक्यातल्या बर्फाबरोबर, तिथवर काहीही जाऊ शकत नाही. तो जिवंतपणी गिळलेला होता. तळाशी पडल्या पडल्या, किड्याबरोबर, किडा समजून. सरला बराच वेळ त्या धाग्याकडे बघत राहिली. तिला आईची आठवण आली, आईच्या हातच्या लेपाच्या तिखल्याची आली, आणि मग काहीच आठवेना. तिने तिन्ही तुकडे चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले, ताटली धुतली आणि घरी गेली. वहीत नोंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विभाला बोलावलं. नमुने खराब आहेत, असं सांगितलं. पिशव्यांतून आले, थर्माकोलमधून आले. प्लास्टिक बाहेरून लागलंय, यावर काही लिहिता येणार नाही. विभा म्हणाली की तुकडे तर आत होते. सरला म्हणाली की उघडताना आत जाऊ शकतात, टेबलावरून, कपड्यांवरून. विभाने विचारलं, "मेरी टेबल से?" आणि सरला म्हणाली, "हो सकता है।"

तीनच शब्द. नंतरच्या वर्षांत ते तिला अधूनमधून ऐकू यायचे, पण नेहमी बाजूने, दुसऱ्या खोलीत कुणी बोलत असावं तसे. विभा त्यानंतर चार-पाच महिने होती. तिने सुती कुडते घालायला सुरुवात केली, टेबल दिवसातून चारदा पुसू लागली, नवे नमुने कधी येतील म्हणून दोनदा विचारलं. नवे नमुने आले नाहीत, कारण सरलाने मागवलेच नाहीत. तक्त्यातला तो रकाना गेला, एकेचाळीस मासे इतर पदार्थांत मिसळले, अहवाल वेळेवर पोचला. जुलैत मुदत वाढवून घ्यायची वेळ आली तेव्हा विभाने अर्ज केला नाही. वही आणि किल्ली टेबलावर ठेवून, मान खाली घालून ती गेली. सरलाने त्या खाली घातलेल्या मानेचा एकच अर्थ लावला: हिला कळलंय. हिला सगळं कळलंय आणि हिला माझ्याकडे बघायचीही इच्छा नाही. गंमत अशी की त्या अर्थाचा तिला आधारच वाटत आला. कुठेतरी आलमबागेत एक मुलगी आपल्याला ओळखून आहे, आपला तिरस्कार करते आहे, म्हणजे निदान खरं कुणाजवळ तरी शाबूत आहे. २०११मध्ये जुनी कपाटं रिकामी करायचा हुकूम निघाला तेव्हा त्या कुप्यांच्या यादीवर सरलानेच सही केली. एकेचाळीस कुप्या एका बादलीत ओतल्या गेल्या. त्यांचा आवाज काचेच्या बांगड्यांसारखा झाला होता, हे तिला आता अकारण आठवलं.

मधल्या काळात सगळं बदललं होतं. आई गेली. तळ खरवडून खरवडून मासा उरला नाही म्हणून गोपीनाथने ट्रॉलर काढून टाकला. ज्या लेपांना गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणून तो घाबरला होता ते लेपच आता मिळेनासे झाले होते. मुक्ता गुडगावला नोकरीला लागली. आणि प्लास्टिकबद्दल तर शाळेतली पोरंही निबंध लिहू लागली. हजरतगंजमधल्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, परिषदांतल्या भाषणांत तो विषय यायचा आणि सरला गंभीर चेहऱ्याने ऐकायची, एकदोनदा स्वतःही बोलली. बोलताना तिला कधी काही टोचलं नाही, याचंच आता तिला भय वाटलं.

निबंधावरचं मत तिने चार दिवसांनी पाठवलं. काम चांगलं आहे, छापावं. त्याखाली संपादकाला वेगळं पत्र लिहिलं: की २००५ साली याच किनाऱ्यावरच्या तीनशे बारा लेपांपैकी एकेचाळीसांत प्लास्टिक आढळलं होतं, ते पाहणारी विभा अवस्थी होती, आणि ते अप्रकाशित राहिलं त्याला जबाबदार मी आहे; निबंधात याचा उल्लेख करता येईल का. उत्तर सभ्य होतं. नमुने उपलब्ध नाहीत, मूळ तुकडे उपलब्ध नाहीत, प्रकाशित नोंद नाही. तेव्हा उल्लेख करता येणार नाही. कळवल्याबद्दल आभार. सरलाने ते पत्र छापून घेतलं, का ते तिला सांगता आलं नसतं, आणि पर्समध्ये ठेवलं. रात्री जेवताना तिने सदाशिवला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो वरणभात कालवत होता. मग म्हणाला, अकरा वर्षं झाली, तिचं लग्न झालं असेल, पोरंबाळं असतील, ती विसरलीही असेल, आता कशाला? सरला म्हणाली, विसरली असेल तर सांगायला हरकत नाही. शनिवारी सकाळी तिला रिक्षा थांबवून देऊन तो क्वार्टरच्या फाटकात उभा राहिला.

आलमबागेत मेट्रोचे खांब उभे राहत होते. अर्धा रस्ता निळ्या पत्र्यांनी बंद, उरलेल्यात बस, टेम्पो, ई-रिक्षा एकमेकांत अडकलेल्या, सगळ्यावर सिमेंटची धूळ. जुन्या अर्जावरचा पत्ता तिने तीन ठिकाणी विचारला. गल्लीच्या टोकाला घर होतं. ओसरीवर सहा-सात मुली मांडी घालून बसल्या होत्या आणि हृदयाची आकृती वहीत उतरवून घेत होत्या. विभा खडू हातात घेऊन दारात आली. पुढचे केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. क्षणभर तिने ओळखलं नाही. मग ती "मैम" म्हणाली आणि पायांशी वाकली. ते वाकणं इतकं झटकन, इतकं मनापासूनचं होतं की सरला मागे सरकली. जिच्या तिरस्कारावर ती अकरा वर्षं विसंबून होती त्या बाईच्या डोळ्यांत तिरस्काराचा मागमूस नव्हता. होता तो संकोच, परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थिनीला जुन्या मास्तरीणबाई भेटाव्यात तसा.

चहा आला. विभा मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, जीवशास्त्र शिकवत होती, शनिवार-रविवार घरी शिकवण्या. लग्न झालं नव्हतं. हे सगळं तिने हसतमुखाने सांगितलं. तिने कप पुढे केला तेव्हा सरलाला तिचे हात दिसले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी पांढरी पडून चिरली होती. खडूने असेल, असं सरलाला वाटलं. मग तिने रिक्षात बसून जुळवलेली हिंदी वाक्यं एकामागून एक सांगितली. गोपीनाथची खोकी, अहवालातलं खोटं, तो रविवार, ते तीन मासे, आतड्यातला धागा, कचऱ्याचा डबा. मध्ये थांबली नाही, रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिने येतानाच ठरवलं होतं. विभा ऐकत होती. तिच्या चहावर साय धरली.

"कितनी काटी थीं आपने, उस संडे?" तिने शेवटी विचारलं.

"बारह।"

"और तीन में मिला।" ती मनाशी हिशेब करत असावी. "पच्चीस परसेंट। मेरा तो तेरह आया था। फिर तो मुझसे भी छूटे होंगे।"

सरलाला आधी कळेचना की ही काय म्हणते आहे. मग कळलं, आणि तिला बसवेना. ती घाईघाईने सांगू लागली की बारा हा आकडा फार लहान, त्यावरून टक्केवारी काढता येत नाही, तुझंच काम बरोबर होतं, तुझ्यासारखं काम मी कुणाचं पाहिलं नाही. विभाने मान हलवली, वर्गात मुद्दा समजल्यावर हलवावी तशी. मग ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मैं तो यही समझती रही कि मेरे हाथ साफ़ नहीं थे, मैम।"

त्यानंतर ती थोडंथोडं बोलली, तक्रारीचा सूर न लावता. केंद्र सोडल्यावर दुसरीकडे दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. आपण पुन्हा कुणाचं काम बिघडवू असं वाटायचं. कॉलेजात प्रात्यक्षिकाची काचपट्टी ती स्वतः कधी बनवत नाही, मुलींना बनवायला लावते आणि लांबून बघते. हात धुवायची सवय लागली, ती जात नाही. डॉक्टर मलम देतात. एकदा शाळेची सहल पुरीला गेली होती तेव्हा तिने समुद्र पाहिला. मुली लाटांत खेळत होत्या. ती वाळूत बसून राहिली आणि बोटांनी वाळू निवडत होती. तासाभरात ओंजळभर धागे निघाले. ते तिने रुमालात बांधले आणि परतताना स्टेशनवर टाकून दिले. कुणाला दाखवणार, असं ती म्हणाली. सरलाने पर्समधलं पत्र काढलं होतं, ते तिने तसंच परत ठेवलं.

बाहेर मुलींची कुजबुज वाढली होती. विभाने आवाज देऊन त्यांना आकृतीला नावं द्यायला सांगितली. मग ती उठली आणि म्हणाली, "एक काम कर देंगी, मैम? यह बात अम्मा से कह दीजिए।" आतल्या खोलीकडे बघत तिने सांगितलं: घरात लसूणही येत नव्हता, आणि मुलगी मासे कापायच्या नोकरीला जाणार म्हटल्यावर वडील, काका, सगळे उलटले होते. एकटी अम्मा आपल्या बाजूने उभी राहिली. अंघोळीची वेगळी बादली ठेवली, वेगळी चटई ठेवली, पण जाऊ दिलं. नोकरी सुटल्यावर मी तिला सांगितलं की माझ्या हातून काम खराब झालं. तिने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. पण काकांसमोर ती पुन्हा कधी बोललीही नाही.

आतल्या खोलीत पलंगावर म्हातारी बसली होती. स्वच्छ पांढरी साडी, हातात जपाची माळ. विभाने तिच्या कानाशी वाकून सांगितलं की केंद्रातल्या मॅडम आल्यात, मासेवाल्या मॅडम. म्हातारीने हात जोडले. सरला पलंगाशेजारच्या वेताच्या मोढ्यावर बसली आणि हळूच म्हणाली की विभाच्या कामात चूक नव्हती. म्हातारीने कानाला हात लावला. सरला पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. म्हातारी विभाकडे बघायला लागली. विभा म्हणाली, "ज़ोर से कहिए, मैम। ऊँचा सुनती हैं।"

सरला उठली. पलंगाच्या काठाला हात टेकून वाकली. आपला आवाज तिला परका वाटला. दांडीवर वाऱ्यातून होडीला हाक मारताना लागायचा तेवढा मोठा. "ग़लती विभा की नहीं थी। विभा का काम सही था। ग़लती मेरी थी, और मुझे मालूम था।"

ओसरीवरची कुजबुज थांबली. विभा खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. म्हातारीला या वेळी ऐकू गेलं होतं. तिने माळ उशीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, डोळ्यांपासून सुरू होऊन, एक आनंद पसरत गेला; इतका उघडा आनंद सरलाने कितीतरी वर्षांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. म्हातारी म्हणाली, "तो अब बुला लेंगे इसे वापस?"

विभा वळली. "नहीं अम्मा," ती म्हणाली, "अब उमर निकल गई।" पण ती नेहमीच्या आवाजात बोलली आणि म्हातारीला ते पोचलं नाही, किंवा पोचूनही तिने मनावर घेतलं नाही. ती सरलाकडेच बघत राहिली. ऑफिसातून आलेली बाई ती. उत्तर तिने द्यायचं होतं. सरलाने विभाकडे पाहिलं. विभाने मान खाली घातली होती, आणि या वेळी त्या खाली घातलेल्या मानेचा काय अर्थ लावायचा ते सरलाला कळेना. मग ती पुन्हा वाकली आणि म्हातारीच्या कानाशी, ओसरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाली, "नहीं।"